पणजीत फ्लॅट बघावा तो दुपारी अडीचला

बदली झाली असेल, नवी नोकरी लागली असेल, किंवा पुण्यातल्या सिग्नलना कंटाळून तुम्ही स्वतःच स्वतःची बदली करून घेतली असेल. ते काही का असेना, पणजीत राहायचं आणि तेही ऐन शहरात, हे ठरलं ना? मग एवढं ऐका. फ्लॅट नोव्हेंबरात बघा. रविवारी बघा. आणि दुपारी अडीचला बघा.

त्या वेळी अख्खं शहर जेवून आडवं झालेलं असतं. रस्त्यावर एखादं कुत्रं, तेही सावली धरून. पाऊस जाऊन महिना झालेला, भिंतींना नवा रंग, आणि मांडवीवरून येणारा वारा जणू कोणी मोजूनमापून सोडलेला. एजंट बाल्कनीचं दार उघडतो आणि बाजूला होऊन मोबाईल बघत राहतो. मुरलेला एजंट अशा वेळी तोंड उघडत नाही, त्याचं काम नदी करते. तुम्ही पाण्याकडे बघत बसता, बायको पडद्यांची मापं घेऊ लागते, आणि एकमेकांना काही विचारायचं राहूनच जातं. देऊन टाका टोकन. विचार करायला पुढे अकरा महिने आहेत.

अकराच का, असं विचारू नका. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, म्हणून देशभर हा अकराचा पाढा म्हटला जातो. पणजीत मात्र त्यात जास्तीची गंमत आहे. डिसेंबरात राहायला आलात तर करार ऑक्टोबरअखेर संपतो. म्हणजे पावसाळा तुमचा आणि सीझन मालकाचा. नोव्हेंबर उजाडला की तुम्हाला नव्याने भाव सांगितला जातो, आणि परवडत नसेल तर फ्लॅट रोजाच्या भाड्याने पर्यटकांना द्यायला मालक मोकळा.

सकाळी दहाला फ्लॅट बघायला जायची चूक करू नका. तेव्हा आधी गाडी लावायला जागा शोधावी लागते, आणि ज्याने सकाळी दहाला पणजीत जागा शोधली तो फ्लॅटपर्यंत पोचतच नाही. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती ४०,००० च्या आसपास भरली होती. पण ती रात्रीची झाली. दिवसा बार्देश, सासष्टी, फोंडा सगळे आपापली चाकं घेऊन इथे दाखल होतात. 'पार्किंग आसा' असं एजंट सांगतो ते खोटं नसतं. पार्किंग असतंच. त्यात तळमजल्यावरच्या दवाखान्याचे पेशंट आपल्या गाड्या लावतात. १८ जून १९४६ ला डॉ. लोहियांनी मडगावात सविनय कायदेभंगाची हाक दिली, त्या तारखेचं नाव पणजीतल्या एका रस्त्याला दिलेलं आहे, आणि तिथे गाडी लावताना नागरिक ती परंपरा अजून निष्ठेने पाळतात.

यावर कोणी शहाणा म्हणेल की मग पुलापलीकडे पर्वरीला राहा, नाहीतर बेतीला राहून फेरीबोटीने ये-जा करा. पायी जाणाऱ्याला फेरीचं तिकीटही पडत नाही. अशा माणसाशी फार बोलू नये. मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला होता, हे त्याला ऐकवा. आज तिथे एक नाही, तीन पूल आहेत, आणि संध्याकाळी सहाला तिन्ही एकदम तुंबू शकतात, हेही ऐकवा. खरं कारण मनात ठेवा. लग्नपत्रिकेवर, आधारवर, नातेवाइकांच्या कुरिअरवर '४०३००१' लिहिण्यातलं सुख बेतीला मिळत नाही.

संध्याकाळी सातनंतर तर फ्लॅट बघायला फिरकूच नका. नदीत नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटींना तेव्हा जाग येते. आमच्या बेडरूमच्या छतावर पहिल्या रात्री एक गुलाबी पट्टा सरकत आला. मग तो हिरवा झाला, मग जांभळा. क्षणभर छत काळंभोर, आणि पुन्हा गुलाबी. मी उताणा पडून मोजलं, एका फेऱ्याला चौतीस सेकंद. बायको म्हणाली, "कुणाची तरी वरात मुक्कामाला आलीय." दुसऱ्या दिवशी पडद्यांना मागून जाड काळं कापड शिवून घेतलं. ज्या खिडकीचं भाडं भरतो ती रात्री काळ्या कापडाआड गेली. पावसाळ्यात ती कशाआड जाते, ते पुढे येईलच.

आता मालकिणीची भेट. आमच्या मालकीण खालच्याच मजल्यावर राहतात. सगळी इमारत त्यांना आंटी म्हणते, आम्हीही म्हणू लागलो. भेटीला जाताना मराठी माणसाला उगीचच एक धीर असतो की इथे आपली भाषा चालते. चालते की! १९८७ च्या कायद्याने कोकणी गोव्याची राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही वाव राहिला. मात्र घरभाड्याची बोलणी कोणत्या भाषेत करावीत, याबद्दल कायदा गप्प आहे. आंटी कोकणीत बोलत होत्या, मी मराठीत, आणि समोरच्याचं आपल्याला सगळं कळतंय अशी दोघांचीही खात्री होती. तिथेच घात झाला.

"पावसांत मात्शी ओल येता, पुता," त्या म्हणाल्या होत्या.

मी मान डोलावली. मात्शी म्हणजे जराशी, एवढं मला येत होतं. आणि ओल काय, आमच्या कोल्हापुरातही येते.

त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "नुस्तें खातात न्ही?" नुस्तें म्हणजे मासे. पुण्यात भाड्याची खोली शोधताना 'नॉनव्हेज करत नाही ना' हा प्रश्न मी सात वेळा ऐकला होता. त्यामुळे पाठ केलेलं उत्तर अभिमानाने देऊन टाकलं, "छे, छे, आम्ही शुद्ध शाकाहारी." आंटींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. मासे न खाणारा माणूस भाडं तरी वेळेवर देईल का, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. दोन महिन्यांचं डिपॉझिट त्या चहा संपेपर्यंत तीनचं झालं. तेव्हा तुम्ही 'खातो' म्हणा. १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, ट्रॉलरना मासेमारीची बंदी असते. तेवढे दिवस तर तुमचं खोटं आपोआप झाकलं जातं. उरलेल्या दहा महिन्यांसाठी 'डॉक्टरांनी सांगितलंय' आहेच.

ज्यांना फ्लॅट नकोच, जुनं घर हवं आहे, त्यांनी फोंताइन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीत जावं. पिवळ्या-निळ्या भिंती, कौलारू छप्पर, लाकडी जिना, बाहेर बसायला बाल्कांव. सकाळी पोदेराचा भोंगा वाजला की बनियनवर पाव घ्यायला दार उघडा, आणि समोर प्री-वेडिंगवाल्या जोडप्याच्या फोटोत कायमचे कैद व्हा. त्यातून असं घर क्वचितच एकाच्या मालकीचं असतं. १८६७ च्या पोर्तुगीज संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा गोव्यात आजही चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्तेत नवरा-बायको निम्मे-निम्मे. त्यामुळे आजोबांच्या घराला आज सात भावंडं आणि त्यांची सात अर्धांगं मालक असू शकतात, त्यातली दोन लिस्बनला, एक टोरांटोला आणि एक कोणाशी बोलत नाही. नळाचा वॉशर बदलायला तुम्ही कोणाकडे जाणार? फोटो काढा आणि परत या.

पाऊस. हो, आता पावसाचं बोलू या. पणजीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मेअखेर शहरभर एक दृश्य दिसतं. माणसं बाल्कन्यांना निळी ताडपत्री बांधत असतात. आम्हाला वाटलं, कुठेतरी मांडव घालतायत. आठ जूनला वारा फिरला आणि पाऊस आडवा, थेट आमच्या हॉलमधल्या टीव्हीपर्यंत आला. पायलटच्या, म्हणजे इथल्या दुचाकी टॅक्सीवाल्याच्या, मोटारसायकलवर मागे बसून मी बाजारातून ताडपत्री आणली. तेव्हापासून चार महिने नदी ताडपत्रीपलीकडे होती. ती आहे, हे आवाजावरून कळायचं.

ओल कपाटात पहिल्यांदा येते. माझ्या चामडी पट्ट्यावर मखमलीसारखी हिरवट लव उगवली. मग चपलांवर, मग बायकोच्या पर्सवर, मग लग्नाच्या आल्बममध्ये, आणि तिथे ती नेमकी सासरेबुवांच्या चेहऱ्यावर आली, याला मी काय करणार? शेजारच्या काकांनी उपाय सांगितला, कपाटात एक चाळीसचा बल्ब लावून ठेवा, दिवसरात्र. लावला. आता आमच्या घरी सर्वांत कोरडी, उबदार आणि प्रकाशमान जागा म्हणजे कपाट. मीठ डबीतून ओतावं लागत होतं. आणि बेडरूमच्या उत्तरेकडच्या भिंतीवर जून संपेपर्यंत एक डाग उमटला, आधी आंब्याएवढा, मग टोपलीएवढा, आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो बार्देश तालुक्याच्या नकाशासारखा दिसू लागला. म्हापसा कुठे येईल, हे मी बोटाने दाखवू शकत होतो.

जोराचा पाऊस आणि मांडवीची भरती एकाच वेळी आली तर शहरातलं पाणी नदीत जायला तयार नसतं. ते रस्त्यावरच वाट बघत थांबतं. अशा वेळी पहिला मजला घेतल्याचा आनंद होतो. तो गाडी आठवेपर्यंत टिकतो. पण पाणी आहे म्हणजे नळाला असेलच, असं समजू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ओपाहून पणजीकडे येणारी जलवाहिनी खांडेपारजवळ फुटली तेव्हा बाहेर धो धो पाऊस आणि घरात नळ कोरडे, असं चित्र शहराने कित्येक दिवस पाहिलं. तेव्हा फ्लॅट बघताना नळ उघडून बघू नका. चांगल्या वातावरणात विरजण पडतं.

डागाची तक्रार मी आंटींकडे केली. त्या लगेच वर आल्या, भिंतीला हात लावून बघितला, मनापासून हळहळल्या आणि म्हणाल्या, "मागीर पळोवया." नंतर बघू. इतक्या प्रेमाने कोणी 'नंतर' म्हटल्याचं मला आठवत नाही. पावसात तर भिंतीला हात लावता येत नाही, हे पटण्यासारखं होतं. पाऊस ओसरला तोवर गणपतीची चवथ आली. मिस्त्री गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या माटोळीच्या सामानात गुंतलेला. चवथीनंतर नरकासुराची तयारी, मग दिवाळी. नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. मिस्त्रीला सिनेमाचं वेड नाही, पण त्याचा भाऊ मंडपाच्या कामाला असतो. ८ डिसेंबरला चर्चचं फेस्त, मग नाताळ, मग कार्निव्हल, मग शिगमो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मिस्त्री खरोखर आला. त्याने बोटांच्या पेरांनी भिंत ठोकली, कान लावला, आणि मला विचारलं, "आतां सुकी आसा न्ही, कित्याक फोडटा?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. भिंत खरंच सुकी होती.

असे तीन करार काढले. बार्देशचा नकाशा दर वर्षी वाढत गेला, यंदा तो डिचोलीत शिरला. गेल्या महिन्यात आम्ही ताळगावला एक घर ठरवलं. मी ते जुलैत, भर पावसात, रात्री आठला जाऊन बघून आलो होतो. एजंटला वाटलं, मी पोलीस आहे.

डिपॉझिटचं मी आंटींना विचारलं. त्या म्हणाल्या, नवा भाडेकरू आला की त्याच दिवशी हातात. भिंतीला त्यांनी रंग लावून घेतला आहे, हलका पिस्ता, फार छान दिसतो. नागपूरचं एक जोडपं येणार होतं, पाटोला कुठल्याशा बँकेत नोकरी, पहिलीच बदली. आंटींना गुडघ्यामुळे जिना होत नाही फारसा. "तूंच दाखय, पुता," त्या म्हणाल्या, आणि तरीही कठड्याला धरत धरत माझ्यामागून वर आल्याच.

रविवार होता. मी बाल्कनीचं दार उघडलं, बाजूला झालो आणि मोबाईल काढला. ऊन पाण्यावर चमकत होतं. मुलगी खिडकीशी जाऊन दोन्ही हात पसरून रुंदी मोजू लागली. मुलगा जरा विचारी वाटला. त्याने पिस्ता रंगाच्या भिंतीवर तळहात ठेवला, माझ्याकडे वळला आणि विचारलं, "काका, पावसाळ्यात काही त्रास होतो का?"

आंटी माझ्याकडे बघत होत्या. तीन महिन्यांचं डिपॉझिट.

"मात्शें," मी म्हणालो.