उद्यानाचा विकास कसा करावा

तुमच्या वॉर्डातल्या उद्यानाच्या मागच्या अंगाला बाभळी, कुसळी गवत आणि मुरमाड मोकळं रान उरलं असेल, तर घाबरू नका. ही जागा 'पडीक' आहे असं एकदा कागदावर आणा. पुढचं आपोआप होतं.

पक्ष्यांचं काय, असं कोणी विचारलंच तर गेटवर सिमेंटचा मोर बसवा.

बाभळी आधी तोडा. पावसाळ्यात सुगरणी त्यांना खोपे लटकवतात, लोकार्पणाच्या फोटोत ते बरं दिसत नाही. त्या जागी कुंड्यांत पाम लावा. आपल्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नसलं तरी पामला टँकर मिळतो.

आता मुख्य काम, बॉक्स क्रिकेटचं टर्फ, म्हणजे जाळीत बंद केलेलं कृत्रिम गवताचं मैदान. ते एप्रिलमध्येच करायचं, कारण टिटव्या याच दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणजे चार खडे. अंडी मातकट, काळ्या ठिपक्यांची, मुरमात दिसतच नाहीत, तेव्हा रोलरवाल्याला दोष कसा द्यावा? आमच्याकडे मात्र ती दिसत होती. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी भोवती विटा मांडून काठीला लाल चिंधी बांधली होती. रोलर विटांसकट गेला. ही पाखरं उन्हात पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि त्या ओलीनं अंडी गार ठेवतात, मराठवाड्याच्या उन्हात, सावलीशिवाय! त्या दुपारी टिटवी ओल्या पोटानं आली आणि सपाट मुरमावर बसायची जागा शोधत राहिली.

अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात. पिल्लं बाहेर आली की लगेच चालू लागतात, आईबापांमागं निघून जातात. म्हणजे प्रश्न होता एका महिन्याचा. भूमिपूजन करून वर्षानुवर्षं कामं रखडवणाऱ्यांना तेवढा महिना निघत नव्हता! निवेदन घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, "काका, टिटवी अपशकुनीच असते." कंत्राटदार म्हणाला, "पक्षी बघायचे तर जायकवाडीला जा की." खरंय. ते १९८६ पासून अभयारण्य आहे. चूक टिटवीचीच, अंडी घालायला तिनं पैठणची एसटी धरायला हवी होती.

फ्लडलाइट रात्रभर चालू ठेवा. पिंगळ्याला अंधार लागत असेल तर त्यानं रीतसर अर्ज करावा.

नोव्हेंबरात पक्षी सप्ताह मात्र दणक्यात करा. ५ ते १२, अरण्यऋषी मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या जयंतीपर्यंत. शाळेची पोरं टर्फवर बसवून चिमणीचं चित्र काढायला लावा. आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या तलावाला सलीम अलींचं नाव आहेच, आणखी काय करायचं?

"मग पोरांनी खेळायचं नाही का?" हा प्रश्न तयार ठेवा. विरोध करणाऱ्याचं तोंड त्यानं हमखास बंद होतं.

माझं नाही झालं. पोरं खेळलीच पाहिजेत. याच जागेत ती विटांचे स्टंप लावून फुकट खेळायची, आणि टिटवी अंगावर यायला लागली की लांबून वळसा घालून चेंडू आणायची. आता तीच पोरं जाळीला नाक लावून उभी असतात, आत तासाचं भाडं भरणारे खेळतात. पाखरांचं हिसकावून पोरांना दिलं, असं म्हणायचीही सोय तुम्ही ठेवली नाही. पुढच्या बाजूला ते बंद पडलेलं कारंजं आहे ना, तिथं टर्फ आरामात बसलं असतं. दिवे दहाला बंद केले असते तर कोणाचं काय बिघडणार होतं? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटी मोडणं हे शिकारीतच धरलंय. सही करण्याआधी ते वाचायला तुमचा हात कोणी धरला होता? काही लाज वाटते का? उरलेल्या बाभळींवर लाल फुल्या मारून ठेवल्यात, त्या आधी पुसा. आणि माणसं पाठवायचीच हौस असेल तर त्या कारंज्यात साचलेला कचरा उचलायला पाठवा.