सायगॉन ते सिएम रीप बसनेच जा, फक्त तिकीट दोन तुकड्यांत काढा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर शेजारच्या दादांचा लांबलचक मेसेज आला. "कंबोडियाला बसने जायचा विचारसुद्धा करू नका. लुटतात, हाल होतात, दिवस वाया जातो." खाली धडाधड अंगठे. अंगठे देणाऱ्यांपैकी एकानेही तो रस्ता पाहिलेला नाही. डोकं सणकलं, म्हणून इथे लिहितेय.

दादा-वहिनींचं काय झालं ते आधी सांगते. एजंटाने त्यांना सायगॉन (व्हिएतनामचं हो ची मिन्ह सिटी) ते सिएम रीप (कंबोडियातलं अंगकोरच्या देवळांजवळचं शहर) असं एकच तिकीट हातात दिलं. सकाळी निघाले, कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हला बस बदलली, सिएम रीपला पोचले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. पहाटे साडेचारला सूर्योदयासाठी दारावर थाप. अंगकोरचा पास एका दिवसाचा, त्यामुळे झोपेतच देवळं उरकली. परतायच्या आदल्या संध्याकाळी कळलं की व्हिएतनामचा व्हिसा सिंगल एंट्रीचा आहे, सीमा ओलांडली तेव्हाच तो संपला. घरी यायचं विमान मात्र सायगॉनहून! नवा ई-व्हिसा यायला कामाचे तीन दिवस, त्यात मध्ये शनिवार-रविवार. हॉटेल वाढवलं, विमानाची तिकिटं बदलली. माणूस चिडेल नाही तर काय करेल?

पण यात बसचा काय दोष, ते मला कुणीतरी सांगा.

सायगॉनहून जाऊन सायगॉनलाच परतायचं असेल तर व्हिएतनामचा मल्टिपल एंट्री ई-व्हिसा लागतो. सिंगलचे 25 डॉलर, मल्टिपलचे 50. अर्जात तोच एक पर्याय निवडायचा असतो. एजंटाने पंचवीस डॉलर वाचवले आणि यांचे किती गेले ते दादांना विचारा. नावही पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरायचं. आपल्याकडे गिव्हन नेममध्ये बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. ते गाळलं की विमानतळावरच अडकता.

आता ते "लुटतात". व्हिएतनामच्या हद्दीवरच्या मोक बायच्या नाक्याआधी बसमधला मदतनीस सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतो. पलीकडे, कंबोडियाच्या बाजूच्या बावेतला, टुरिस्ट व्हिसा 30 डॉलरला मिळतो. मदतनीस वर चार-पाच डॉलर मागतो आणि खिडकीवरचं काम स्वतः उरकतो. हे बरोबर नाही, मान्य. पण त्यावर उपाय आहे. कंबोडियाचा ई-व्हिसा घरून काढा, तो बावेतला चालतो. दोन प्रती छापून न्या, एक आत जाताना लागते, एक बाहेर पडताना. नाक्यावरच व्हिसा काढायचा असेल तर एक फोटो आणि मोजून तीस डॉलर सुटे ठेवा. दादांनी शंभराची नोट पुढे केली, तिच्या कडेला बोटाच्या पेराएवढी चीर होती, ती परत आली. कंबोडियात फाटका डॉलर कुणी घेत नाही, भाजीवालीसुद्धा नाही. त्यांचं स्वतःचं चलन, रिएल, फाटका असला तरी चालतो. एका डॉलरला चार हजारांच्या आसपास रिएल मिळतात आणि डॉलरखालची मोड रिएलमध्येच देतात. उरलेले व्हिएतनामी डाँग सायगॉनलाच संपवा. त्यातही 20 हजाराची आणि पाच लाखाची, दोन्ही नोटा निळ्या आहेत. रात्री टॅक्सीवाल्याला देताना शून्यं मोजा.

मदतनीस पासपोर्ट परत देताना नावं पुकारतो आणि तीन नावांपैकी जे वाचता येईल ते पुकारतो. वहिनींच्या पासपोर्टात मधलं नाव दादांचं, त्यामुळे दोघं एकदम पुढे झाली आणि मागच्या माणसाचा पासपोर्ट यांच्या हातात आला. पासपोर्ट मिळाला की तिथेच उघडून बघायचा: व्हिएतनामचा बाहेर पडल्याचा शिक्का, कंबोडियाचा व्हिसा, आत आल्याचा शिक्का आणि त्यावरची तारीख. बस सुटल्यावर बघून उपयोग नाही.

आणि हा प्रवास एका दमात करायचाच कशाला? सायगॉन ते नॉम पेन्ह जेमतेम 230 किलोमीटर, नाका धरून सहा-सात तास. सकाळची बस घ्या. बावेतचे कॅसिनो मागे पडले की सपाट भातशेती आणि ताडाची झाडं लागतात, मग नेआक लोअंगला मेकाँग. 2015 साली जपानच्या मदतीने तिथे पूल झाला, त्याआधी बस फेरीबोटीत चढायची. दुपारी नॉम पेन्ह. दोन रात्री राहा. तुओल स्लेंगला जा, शाळेच्या इमारतीत ख्मेर रूजने, म्हणजे कंबोडियातल्या त्या क्रूर कम्युनिस्ट राजवटीने, तुरुंग केला होता. वर्गांच्या फरशा अजून त्याच आहेत. तिथून आल्यावर त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

तिसऱ्या दिवशी पुन्हा सकाळची बस, राष्ट्रीय महामार्ग 6, साधारण सहा तास. रात्रीची स्लीपर घेऊन हॉटेलचं भाडं वाचवायचा मोह होतो, पण त्यातले बेड आखूड असतात. साडेपाच फुटांच्या वर उंची असेल तर पाय दुमडूनच झोपायचं. आणि दिवसा हा रस्ता काय आहे म्हणून सांगू! स्कूनला तळलेल्या कोळ्यांच्या पराती मांडलेल्या असतात. वहिनींना तिथे मळमळलं, ते समजू शकते. शाकाहारी असाल तर पोळ्यांचा डबा, दाण्याची चटणी जवळ ठेवा, थांब्यावरच्या बहुतेक भाज्यांत माशाचं सॉस असतं. वाटेत कोंपोंग थोम लागतं. तिथे उतरलात तर तासाभराच्या आत साम्बोर प्रेई कुक, सातव्या शतकातली विटांची शिवमंदिरं, अंगकोरच्या कितीतरी आधीची. पुढे कोंपोंग क्देईला बाराव्या शतकातला दगडी पूल, वीसहून जास्त अरुंद कमानी, कठड्यावर फणा काढलेले नाग. जड वाहनांसाठी बाजूने रस्ता काढलाय, बस पुलावरून जात नाही, म्हणून डोळे उघडे ठेवा. दादा-वहिनींची बस इथून गेली तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता.

हो, विमान तासाभरात पोचवतं. गुडघे, पाठ, लहान मूल असेल तर खुशाल विमानाने जा. पण सिएम रीपचा नवा विमानतळ, 2023 च्या ऑक्टोबरपासूनचा, शहरापासून 40 किलोमीटरहून लांब आहे, तो वेळही धरा. बँकॉकहून थायलंडच्या सीमेवरच्या पोइपेतमार्गे येणारा रस्ता 2025 च्या जूनमध्ये थायलंडने सीमा बंद केल्यावर तुटला. ती उघडली का, हे निघण्याआधी बघा. बँकॉकला बसून बेत आखू नका.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. दादांचा तरी काय दोष, विश्वास टाकला त्यांनी. मला वाईट वाटतं ते वहिनींचं. अंगकोर वाटच्या पश्चिमेच्या दालनात दक्षिण बाजूला अख्खं कुरुक्षेत्र कोरलंय, जवळपास पन्नास मीटर. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, आणि डावीकडे वर बाणांवर पडलेले भीष्म. वहिनी संध्याकाळी देवघरात गीतेचा एक अध्याय वाचतात. गाइडने त्यांना तिथे दोनच मिनिटं उभं राहू दिलं.

म्हणून एका दिवसाचा 37 डॉलरचा पास घेऊ नका. तीन दिवसांचा 62 ला आहे आणि ते तीन दिवस दहा दिवसांत कधीही वापरता येतात. संध्याकाळी पाचनंतर पास काढला तर मोजणी दुसऱ्या दिवसापासून होते आणि त्या संध्याकाळी प्रे रूप या देवळावरून सूर्यास्त बघता येतो. पास देवळाच्या दारात मिळत नाही, तिकीटघर वेगळं आहे, टुकटुकवाल्याला आधी तिकडे न्यायला सांगा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर अंगकोर वाटच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर सोडत नाहीत. हे देऊळ पश्चिमाभिमुख आहे. सूर्योदय झाला की गर्दी नाश्त्याला पांगते, तेव्हा मागच्या पूर्व दालनात समुद्रमंथन बघा, सकाळचं ऊन तिकडे पडतं. कुरुक्षेत्रासाठी दुपारी तीननंतर या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिलच्या मध्यात ख्मेर नववर्ष आणि जानेवारी-फेब्रुवारीत व्हिएतनामी नववर्ष, तेत, असतो, त्या आठवड्यांत बसच्या जागा मिळत नाहीत. वहिनींना म्हटलंय, पुढच्या थंडीत परत जा, तिकिटं मी काढून देते. दादांनी अजून उत्तर दिलेलं नाही.