बीकॉमनंतर वकिली बंद झालेली नाही

सोलापुरातल्या बारावी-बीकॉमच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की कॉमर्सवाल्यांना आता एलएलबीला ॲडमिशन मिळत नाही, फक्त सीए (चार्टर्ड अकाउंटंट) करा, सीए झालं की हायकोर्टात टॅक्सच्या केसपण लढता येतात. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलचं माहितीपत्रक उघडून बघा, तीन वर्षांच्या एलएलबीला कुठल्याही शाखेची डिग्री चालते, ओपनला ४५ टक्के लागतात आणि एमएच-सीईटी लॉ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्सपण कॉमर्सवाल्यांना आहेच.

आता सीएचं. इन्कम टॅक्स ऑफिसरपुढं, अपिलात, अगदी इन्कम टॅक्सच्या ट्रिब्युनलपर्यंत (अपिलाच्या लवादापर्यंत) सीए क्लायंटची बाजू मांडतात, हे खरंय, पण हायकोर्टात उभं राहायला १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे वकिलीची सनदच लागते, म्हणून तर काही सीए नंतर एलएलबी करतात. मला विचाराल तर पोरगं आकड्यांत रमतं का माणसांची भांडणं समजून घेण्यात, हे आधी बघा, घाबरून ठरवू नका.

तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका, जिथं टाकलाय तिथं हा खुलासा टाका, कारण त्याच्या भरवशावर सीईटीचा फॉर्म राहिला तर पोरांचं वर्ष जातंय.