भुलाबाईची खिरापत राहून गेली

लोकगीतांतल्या फळांवरचा लेख आवडला, पण आमच्या भुलाबाई, म्हणजे विदर्भातल्या मुलींचा गाण्यांचा सण, त्यात नाहीत याचं वाईट वाटलं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत नागपुरात घरोघरी गाणी व्हायची. त्यात लिंबं असत, कारल्याचा वेल असे. गाण्यातल्या सुनेला कारलं लागल्याशिवाय माहेरी जायला मिळत नसे. गाणी संपली की झाकलेला डबा हलवून खिरापत ओळखायची. आमची आजी उकडलेले शिंगाडे फडक्यात गुंडाळून ठेवायची, म्हणजे आवाजच येऊ नये. सोलता सोलता बोटं काळी व्हायची. आता खिरापत म्हणून वेफर्सची पाकिटं येतात, बघवत नाही. आणि फळांचा विषय निघालाच आहे, तर संत्रं खावं ते मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलून फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारं. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेलं, मला जरा आंबटच लागतं.