ती बोलत नाही, पण सांगते

आमच्या तालुक्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटात एक मजकूर फिरतोय: ‘तीव्र दिव्यांग मुलांना स्पीच थेरपी म्हणजे पैशाचा नास. ती बोलणार नाहीतच. चित्रं दाखवली तर असलेलं बोलणंही जाईल. खेड्यात तर हे जमतच नाही.’ मी यवतमाळ जिल्ह्यात विशेष शिक्षिका आहे. हे वाचून दोन आयांनी थेरपी थांबवली, म्हणून लिहिते.

‘बोलणार नाहीत.’ काही मुलं खरंच बोलणार नाहीत. पण थेरपिस्टचं काम उच्चारांपुरतं नसतं. माझ्याकडे सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेली नऊ वर्षांची मुलगी आहे. हात वळत नाहीत, मान सावरत नाही. ‘तिले काही समजत नाही,’ असं घरचे म्हणायचे. थेरपिस्ट बाईंनी अर्धा तास नुसतं पाहिलं आणि हेरलं: हवं ते दिसलं की ती नजर वर नेते. तेच तिचं ‘हो’ ठरलं. मग पुठ्ठ्यावर चार चित्रं: पाणी, भाकर, माय, दुखते. एकेकावर आपण बोट ठेवायचं, नाव घ्यायचं आणि थांबायचं, मनात दहा मोजेपर्यंत. हे थांबणं शिकायला आम्हालाच जास्त दिवस लागले. दुसऱ्या महिन्यात ‘दुखते’वर तिची नजर वर गेली. दाढ किडली होती. तोवर ती रडली की आजी तिची दृष्ट काढायची.

एक मात्र पाळावं: लेकराचा हात धरून आपणच चित्रावर नेऊ नये. ते उत्तर आपलं होतं.

चित्रांनी बोलणं जातं, हे तर चूकच. मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी 2006 मध्ये चित्रं-खुणांच्या अशा साधनांवरचे आधीचे अभ्यास पडताळले. भरवशाच्या नोंदी असलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं घटलं नव्हतं. 89 टक्के जणांचं वाढलं होतं, बऱ्याच जणांचं थोडंच, पण वाढलं.

खेड्यातली अडचण खरी आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी कोण जाणार? म्हणूनच थेरपिस्टकडून शिकून रोजचा सराव घरी, शाळेत करायचा. पुठ्ठ्याला खर्च नाही. चित्रावर बोट ठेवलं की बोलून दाखवणारं आयआयटी मुंबईचं ‘जेलो’ ॲप फुकट आहे, मराठीतही आहे. आमच्या पुठ्ठ्यावर आता तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदीही आहे. लेकरांना भूक-तहानेपलीकडचंही सांगायचं असतं.

आणि पैशाचा नास? बोलण्याला जोड देणाऱ्या अशा साधनांचा वापर वाढवणं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 17 व्या कलमातच आहे. केंद्र सरकारच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचं एक लाखापर्यंतचं संरक्षण सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. अर्ज भरायला मी मदत करते.

त्या दोघींनी शनिवारी शाळेत यावं. पुठ्ठे कापून ठेवले आहेत.