जाहिरात म्हणे! 'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'स्पष्टवक्ता' यांस,

पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी काढण्याच्या उपचारावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही म्हणता: "लेख एखाद्या बड्या हॉस्पिटलने पैसे देऊन लिहून घेतल्यासारखा वाटतो. डॉन चाचणीत गुठळी काढूनही निम्मे रुग्ण परावलंबीच राहिले, ते सोयीस्कर गाळलंत. खर्चाचं काय? खेड्यातला माणूस वेळेत पोचणार कसा?"

पैसे देऊन. टोपणनावाआडून हे लिहायला काय लागतं! अहो, जाहिरातवाला 2013 साल कशाला काढेल? त्या वर्षी या उपचाराच्या तीन चाचण्या नापास झाल्या, हे माझ्या लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तेव्हाची उपकरणं जुनी होती आणि मेंदूकडे रक्त नेणारी मोठी रोहिणी खरंच तुंबली आहे का, हे पुष्कळ रुग्णांत आधी नीट तपासलंच नव्हतं, हेही आहे. मग नेदरलँड्समधली 500 रुग्णांची चाचणी आली. तिथे 90 दिवसांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे गुठळी काढलेल्यांत सुमारे 33 टक्के, बाकीच्यांत 19. म्हणजे दोन तृतीयांश तिथेही परावलंबी किंवा मृत, आणि तो आकडा मीच छापला. लपवणारा माणूस असं करतो?

आता तुमचं डॉन, म्हणजे झटक्यानंतर 6 ते 24 तासांतल्या रुग्णांवरची चाचणी. बेरीज तुमची बरोबर आहे, पण तुम्ही तक्त्याचा एकच रकाना वाचलात. गुठळी काढलेल्यांत 49 टक्के स्वावलंबी झाले. नुसते औषधोपचार मिळालेल्यांत 13. मृत्यू दोन्हीकडे जवळपास सारखेच. निम्मे राहिले म्हणून हळहळायचं, तर 13 चं काय करायचं ते सांगा. हां, एक मान्य. शीर्षकात मी नुसतं '24 तासांपर्यंत' लिहिलं. झटक्यानंतर गुठळी काढायची ती मुदत सरसकट सगळ्यांना नाही. स्कॅनमध्ये मेंदूचा वाचवण्याजोगा भाग दिसला तरच. आत तसं लिहिलंय, पण शीर्षकावरूनच मत बनवणारेही असतात.

आणि मला हा विषय का लागतो, तेही ऐका. माझ्या वडिलांना नव्वदच्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं, कुणी देवऋषाकडे न्यायला. तालुक्याच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि थांबायला सांगितलं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग अमेरिकेत 1995 मध्ये सिद्ध झाला होता. आमच्यापर्यंत त्याचं नावही आलं नव्हतं. पुढे आईने त्यांना घास भरवत वर्षं काढली. जांघेतून नळी घालून जाळीने गुठळी ओढून काढता येते हे मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला कुणाचं बिल आठवलं असेल असं वाटतं तुम्हाला? परावलंबी या शब्दाचा अर्थ मला तुमच्याकडून शिकायचा नाही.

खर्च आणि खेडं हे मोठे विषय आहेत, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. एका लेखात सगळं जग बसत नाही.

प्रतिक्रिया जरूर द्या, कडक द्या. फक्त 'पैसे घेऊन' असं पुन्हा लिहायचं असेल तर किती, कुणाकडून, तेही लिहा; नाहीतर ती ओळ मी उडवीन. खाली 'सेन्सॉरशिप' म्हणून ओरडायला तुम्ही मोकळे आहातच.