प्रति डुबकी खर्च

घरी स्विमिंग पूल आहे असं कळलं की समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो, मग काय, रोज पोहणं होत असेल ना! आता याचं खरं उत्तर असं आहे की पाण्याशी रोज संबंध येतो पण तो काठावरून येतो, गुडघे टेकून, हातात टेस्ट किट घेऊन, कोपरापर्यंत हात आत घालून (नमुना वरवरचा घ्यायचा नसतो, कोपराएवढ्या खोलीवरचा घ्यायचा असतो) आणि मग त्या एवढ्याशा नळीत थेंब टाकून ती उजेडात धरून रंग जुळवत बसायचं. नारंगी आहे, का लालसर आहे, का गुलाबीकडे झुकतोय यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झालीयत तेवढी पडद्यांच्या रंगावरून पण नाही झाली. पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये पाहिजे. त्याच्या खाली गेला तर पाणी धातूचे भाग खायला लागतं, वर गेला तर क्लोरीन आळशी होतं. म्हणजे टाकलेलं असतं, पैसे दिलेले असतात, फक्त ते काम करत नाही.

मूळ भांडण काय आहे ते सांगतो. उघड्यावर साचलेल्या पाण्याची एकच महत्त्वाकांक्षा असते, तळं व्हायचं. शेवाळ, डास, बेडूक, तळाला गाळ, जमलं तर काठाला एखादा बगळा. जगातलं कुठलंही साचलेलं पाणी हेच करतं आणि फुकटात करतं. आपण मात्र त्याला म्हणतो की तू असंच निळंशार रहा, तळाची टाईल न टाईल दिसली पाहिजे. ते म्हणतं ठीक आहे, माझा पगार काय? आणि हा पगार तुम्ही पोहा नाहीतर परगावी जा, चालू राहतो. उलट परगावी गेलात तर जास्तच, कारण आल्यावर जे हिरवं दिसतं त्याचा ओव्हरटाईम वेगळा.

आमचा पूल काही फार मोठा नाही. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, खोली सरासरी दीड मीटर. म्हणजे ४८ हजार लिटर. बांधताना हा आकडा ऐकून मला भारी वाटलं होतं. आता कुणी म्हणालं की प्रति लिटर अमुक ग्राम टाका की मी मनातल्या मनात ४८ हजाराने गुणतो आणि खुर्ची शोधतो.

बरं हे पाणी एकदा भरलं की भरलं असंही नाही. कडक ऊन आणि वारा असला की दिवसाला पाच मिलिमीटर सहज उडतं. पाच मिलिमीटर म्हणजे काय हो, नखाच्या निम्म्याएवढं! पण ३२ चौरस मीटरवरून पाच मिलिमीटर म्हणजे रोजचे १६० लिटर झाले, आणि पातळी स्किमरच्या (म्हणजे काठातली ती खिडकी जिथून पंप पाणी ओढतो) तोंडाखाली गेली की पंप पाण्याऐवजी हवा ओढायला लागतो आणि असा आवाज काढतो की अख्ख्या आळीला कळावं यांच्याकडे पाणी टाकायला वेळ नाही. त्यात मनात शंकेचा किडा, की हे खरंच उडतंय का कुठून गळतंय? त्यासाठी बादलीची टेस्ट असते. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आतल्या पाण्याची खूण करायची, बाहेर पूलच्या पाण्याची खूण करायची आणि दिवसभराने बघायचं. दोन्ही सारखं उतरलं तर ऊन, पूलचं जास्त उतरलं तर गळती. मी ही टेस्ट अत्यंत शास्त्रशुद्ध पद्धतीने लावली, आणि दुपारी आमच्या हिने आंगणातल्या कुंड्यांना पाणी घालायला तीच बादली उचलून नेली. पुरावा नष्ट.

ही म्हणजे आमची अर्थमंत्री. तिने पूल सुरू झाल्याच्या महिन्यातच एक वही केली. डावीकडे खर्च, उजवीकडे कोण कितीदा पाण्यात उतरलं त्याच्या उभ्या रेघा. महिन्याच्या शेवटी डावीकडच्याला उजवीकडच्याने भागायचं. येणाऱ्या उत्तराला ती "प्रति डुबकी खर्च" म्हणते आणि ते जेवायला बसल्यावर मोठ्याने वाचते. थंडीच्या एका महिन्यात उजवीकडे एकही रेघ नव्हती तेव्हा मी अतिशय नम्रपणे निदर्शनास आणून दिलं की शून्याने भाग जात नाही, त्यामुळे गणिताच्या दृष्टीने या महिन्यात प्रति डुबकी खर्च झालेलाच नाही. तिने नुसतं बघितलं. मी भात वाढून घेतला.

क्लोरीनचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त राजकारण तिथे आहे. क्लोरीनला ऊन सोसत नाही. नुसतं टाकलं तर कडक उन्हात काही तासांत बहुतेक सगळं उडून जातं, म्हणजे सकाळी टाकलेला पैसा दुपारी ढगात. म्हणून त्याला सावली द्यायला सायन्यूरिक अॅसिड टाकायचं, ३० ते ५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात ३० ते ५० भाग. आता सोय म्हणून ज्या गोळ्या मिळतात, तरंगत्या डब्यात ठेवायच्या आणि विसरून जायच्या, त्यात हे सायन्यूरिक आधीच असतं. क्लोरीन आपलं काम करून संपतं, सायन्यूरिक मात्र संपत नाही, लग्नघरी आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखं ते राहतंच, गोळी टाकली की अजून थोडं, अजून थोडं, आणि खूप वाढलं की ते क्लोरीनला एवढी सावली देतं की क्लोरीन कामालाच बाहेर पडत नाही. मग उपाय काय? तर निम्मंअर्धं पाणी काढून फेका आणि नवीन भरा. हो. जे पाणी विकत घेतलं, ज्यात महिनोन् महिने औषधं ओतली, ते गटारात सोडायचं. बरं हे सगळं क्लोरीनवालं पाणी झाडांना पण घालता येत नाही.

पूलवाला हे सगळं इतक्या शांतपणे सांगतो की मला त्याचा हेवा वाटतो. "साहेब, अल्कलिनिटी बसली नाही, म्हणून पीएच बसत नाहीये." अल्कलिनिटी म्हणजे पीएचला उड्या मारू न देणारे पाण्यातले क्षार. ती बसावी म्हणून सोडा टाकायचा, त्याने पीएच वर जातो, तो खाली आणायला अॅसिड टाकायचं, त्याने अल्कलिनिटी परत खाली येते. मी म्हटलं अरे मग दोन्ही न टाकता तिथेच नसतो का राहिलो आपण? तर म्हणे नाही साहेब, आता बॅलन्स झालं. मला जागेवरच्या जागेवर गोल फिरवून आणल्याचा अनुभव आला पण पाणी खरंच छान दिसत होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. (हे अॅसिड प्रकरण गमतीचं नाही बरं का. पाण्यात अॅसिड ओतायचं, अॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. अॅसिड आणि क्लोरीन शेजारी पण ठेवायचं नाही कारण एकत्र आले की विषारी वायू निघतो, आणि दोन वेगळ्या प्रकारचं क्लोरीन एका डब्यात मिसळलं तर आग लागू शकते. म्हणजे आता दोन वेगळी कपाटं घ्या. वहीत नवीन ओळ.)

पाहुणे आले की मात्र मजा असते. एकदा एक नातेवाईक सहकुटुंब आले, पोरांनी दिवसभर धुमाकूळ घातला, संध्याकाळी वहिनी काठावर उभं राहून लांब श्वास घेऊन म्हणाल्या, किती छान क्लोरीनचा वास येतोय, भाऊजी पूल अगदी स्वच्छ ठेवता हं! आता काय बोलणार. तो वास स्वच्छ पाण्याचा नसतोच. क्लोरीन घामाला आणि लघवीला भेटलं की क्लोरामाइन तयार होतं, वास त्याचा. डोळे चुरचुरतात ते पण त्यानेच. म्हणजे वास जेवढा जोरात तेवढं क्लोरीन कमी पडतंय. मी त्यांच्या तिन्ही चिरंजीवांकडे एकेक करून बघितलं, तिघांचेही चेहरे देवासारखे निष्पाप. रात्री सगळे झोपल्यावर मी शॉक द्यायला गेलो. शॉक म्हणजे क्लोरीनचा दणदणीत डोस, तो ऊन नसताना द्यायचा असतो, म्हणून मी आपला टॉर्च तोंडात धरून बादली ढवळत बसलेलो. हिने वहीत त्या दिवशी रेघा भरपूर मारल्या होत्या आणि खूश होती, आज भागाकार बघा किती खाली आला! मग शॉकचं बिल लिहिलं आणि भागाकार होता त्याच्याही वर गेला. निष्कर्ष असा की कुणी पोहलं नाही तर महाग पडतं आणि सगळे पोहले तर अजून महाग पडतं.

पंपाबद्दल मात्र मी हिच्यासमोर एकदा जिंकलोय. सगळं पाणी दिवसातून एकदा तरी फिल्टरमधून जायला पाहिजे, त्यासाठी आमचा जुना पंप रोज आठ तास पूर्ण वेगाने चालायचा आणि नऊ-दहा युनिट खायचा, तेही जिथे कुणी पोहत नाहीये अशा पाण्याला गोल गोल फिरवायला. मग मी व्हेरिएबल स्पीडचा पंप मांडला. गणित असं आहे की वेग निम्मा केला की लागणारी पॉवर निम्मी नाही, एक अष्टमांश होते. पाणी निम्म्या वेगाने जातं म्हणून तो दुप्पट वेळ चालवावा लागतो, तरी एकूण वीज पाव! मी कागदावर काढून दाखवलं, तिने दोनदा तपासलं आणि गप्प झाली. माझ्या संसारातला तो एक सोनेरी क्षण. नंतर त्या पंपाची किंमत कळली आणि क्षण संपला.

फिल्टरमध्ये वाळू असते. हे ऐकून पूर्वी मला वाटायचं की वाळू म्हणजे स्वस्तातलं काम. पण ती वाळू पण विशिष्ट दाण्याची लागते आणि पाच-सात वर्षांनी बदलावी लागते, आणि त्याआधी दर थोड्या दिवसांनी प्रेशरचा काटा आठ-दहा पीएसआयने वर सरकला की बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून घाण बाहेर. दोन-तीन मिनिटांत काहीशे लिटर पाणी गेलं. आणि गेलं ते पाणी परत भरा, त्यात परत औषधं. ते चक्र तुम्हाला आता पाठ झालं असेल.

यावर एका मित्राने सांगितलं की मिठाचा पूल कर, क्लोरीनची कटकटच नाही. हे अर्धसत्य आहे. मिठाच्या पूलमध्ये क्लोरीन नसतं असं नाही, तिथे एक सेल असतो, तो मिठाच्या पाण्यातून वीज सोडून जागच्या जागी क्लोरीन बनवतो. म्हणजे कारखाना घरी. समुद्राच्या दहाव्या हिश्श्याएवढा खारटपणा लागतो, पण आपल्या ४८ हजार लिटरला तेवढं करायला जवळपास दीडशे किलो मीठ टाकावं लागतं. सेलवर खार बसतो, तो धुवा, काही वर्षांनी सेल संपतो, नवीन घ्या, आणि पीएच सारखा वर पळतो म्हणून अॅसिड आहेच. दीडशे किलो मीठ खाऊन हा पूल खाल्ल्या मिठाला जागेल याची कोण गॅरंटी देणार? नाही केला.

थंडीत पाणी गरम करू या अशीही टूम निघाली होती घरात. मी हिशोब केला. आमचं पाणी नुसतं एक अंश गरम करायला ५६ युनिट उष्णता लागते. एक अंश! हीट पंप चांगला असला तर एका युनिटमध्ये चार-पाच युनिटचं काम करतो, म्हणजे ११ ते १४ युनिट धरा, पण एका अंशात काय होतं, बर्फासारखं गार पाणी जरा कमी बर्फासारखं गार लागतं. आणि रात्रीत ते परत निवतं कारण सगळ्यात जास्त उष्णता वाफेवाटेच जाते. त्यावर उपाय कव्हर. कव्हरने पाणी उडायचं थांबतं, उष्णता राहते, कचरा पडत नाही, औषध कमी लागतं, खरंच सगळ्यात शहाणपणाचा खर्च तोच. फक्त ते काढायला आणि घालायला दोन माणसं लागतात आणि दोन्ही माणसं एकमेकांना म्हणतात की आज राहू दे. त्यामुळे एकदा घातलेलं कव्हर निघालंच नाही, पूल अत्यंत स्वच्छ राहिला आणि उजवीकडच्या रेघा बंद पडल्या.

शेवटी हीच म्हणाली की अहो बुजवून टाकू या की मग. मला वाटलं, चला, सुटलो. चौकशी केली. तर नुसतं पाणी काढून मोकळा ठेवता येत नाही, जमिनीत पाण्याची पातळी वर असेल तर रिकामा पूल खालच्या दाबाने अख्खा वर उचलला जाऊ शकतो, सिमेंटचा असला तरी. बुजवायचा तर तळाला भोकं पाडायची, वरच्या कडा फोडायच्या, खडी आणि माती थरावर थर दाबत भरायची. नीट दाबली नाही तर माती खचते आणि तिथे पावसाचं पाणी साचतं. म्हणजे बुजवला तरी त्याला तळं होता येतंच! त्या कामाचं एस्टिमेट मी हिच्यापुढे ठेवलं. तिने चष्मा लावला, वही उघडली, आकडा डावीकडे लिहून बघितला, खोडला, बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली,

"त्यापेक्षा तुम्ही आजपासून रोज दोनदा उतरत जा. भागाकार तरी खाली येईल."

"अगं पाणी किती गार आहे बघितलंस का?"

"बघितलं. पटकन उतरा आणि पटकन वर या. वेळेला रेघ नाही, उतरण्याला आहे."